मुंबईचा कोट आणि तट पाडण्याचा निर्णय

पोर्तुगीजांच्या एका जुन्या वाड्याभोवती ईस्ट इंडिया कंपनीने बुरुज बांधले आणि मुंबई बंदरावर नजर ठेवणारा किल्ला तयार झाला. शहराला वेढणारा तट नंतरचा, १७१६ च्या सुमाराचा. तेव्हा कोकणच्या समुद्रावर मराठी आरमाराचा दरारा होता आणि कंपनीला त्याचीच धास्ती होती. तटाला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे होते. यातला चर्चगेट आजच्या स्टेशनापाशी नव्हता, तो फ्लोरा फाउंटन आहे तिथे होता.

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि मुंबईचे धाबे दणाणले. तटाबाहेर खंदक खणायचे ठरले, व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढून दिली. तोफांच्या माऱ्यात आडोसा नको म्हणून तटासमोरची झाडे आणि घरे हटवण्यात आली. आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदाने त्या मोकळ्या पट्ट्यातूनच उरली आहेत. १८०३ च्या आगीत कोटाच्या उत्तर भागाची, म्हणजे पारशी-गुजराती वस्तीची, राखरांगोळी झाली. त्यानंतर हा पट्टा आणखी रुंद केला गेला. गोऱ्यांची सुरक्षितता आणि एतद्देशीयांची घरे यांत कोणाला माघार घ्यावी लागली, हे सांगायला नको.

मग १८६० च्या दशकात तटच पाडायचे ठरले. तेव्हाच्या गव्हर्नरांनी त्यासाठी समिती नेमली. सरकारी बाजू अशी की आत दाटी झाली आहे, खंदक घाण झाला आहे, चिंचोळ्या दरवाजांत गाड्या अडकतात आणि पेशवाई बुडाल्यावर शत्रू उरलेला नाही. यातले काहीच खोटे नव्हते. पण दाटी आणि घाण १८६० च्या आधीही होती, पेशवाई तर १८१८ सालीच संपली होती. मग तट चाळीसेक वर्षे का राहिला? माझ्या मते खरे उत्तर कापसात आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, इथल्या कापसाला मागणी आली, मुंबईत पैशाचा पूर आला आणि जागेचे भाव आकाशाला भिडले. तटाखालची सरकारी जमीन तेव्हा कुठे डोळ्यांत भरली. आरोग्य हे कारण होते, पण मुहूर्त बाजाराने काढला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि बाजार कोसळला, तोवर तटाचा बराचसा भाग गेला होता.

पश्चिमेकडच्या तटाच्या कडेने हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता, रुंद झाला. १८९६ च्या नियमाने तिथल्या इमारतींना पादचाऱ्यांसाठी कमानींचा ओटा ठेवणे बंधनकारक झाले. मोकळ्या पट्ट्यावर विद्यापीठ, सचिवालय, हायकोर्ट उभे राहिले. ओव्हलच्या एका बाजूच्या या गॉथिक इमारतींना आणि समोरच्या आर्ट डेको घरांना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो योग्यच होता. मात्र ही सगळी जागा ज्यामुळे मोकळी राहिली त्या तटाची रेघ रस्त्यावर कुठेतरी दाखवायला हवी. रोज लाखो माणसे ती ओलांडतात आणि त्यांना ते कळतही नाही.

मूळ किल्ला नौदलाच्या आवारात आहे, सर्वसामान्यांना तिथे सहज जाता येत नाही. मराठी आरमाराच्या ज्या सरखेलाच्या, म्हणजे प्रमुख कान्होजी आंग्रे याच्या, धाकाने तट बांधला, त्याचेच नाव त्या नौदल तळाला दिलेले आहे. उत्तरेकडच्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा मात्र सीएसएमटीच्या मागे, सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ, आजही पाहता येतो.