'लई मंदी हाय' हे इंग्रजीत कसं सांगाल?

2019 साली कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुणालाही विचारलं असतं, तर 'लई मंदी हाय' हेच उत्तर मिळालं असतं. आणि ते खरंच होतं. 2019-20 मध्ये देशातल्या ट्रक-बससारख्या व्यावसायिक वाहनांची विक्री सुमारे 29 टक्क्यांनी घसरली, आणि कोल्हापूरच्या फौंड्रीतलं, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यातलं, कितीतरी कास्टिंग (ओतीव भाग) वाहनांसाठीच जातं. पण त्याच वर्षी देशाचा जीडीपी, म्हणजे देशातलं एकूण उत्पादन, जवळपास 4 टक्क्यांनी वाढला होता. त्या स्थितीला इंग्रजीत 'स्लोडाउन' म्हणतात, 'रिसेशन' नव्हे. आपली मुलं वहीत दोन्हींपुढे 'मंदी' लिहितात आणि बातमीचा अर्थच बदलून जातो.

स्लोडाउनमध्ये वाढ सुरूच असते, फक्त वेग कमी होतो. रिसेशनमध्ये उत्पन्नच घटतं. या शब्दाचं मूळ 'मागे सरकणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. सलग दोन तिमाही जीडीपी घटला की रिसेशन, हा सर्रास वापरातला ठोकताळा. अमेरिकेत मात्र एनबीईआर ही संस्था रोजगार, उत्पन्न, उत्पादन, विक्री असं बरंच काही पाहून तारखा ठरवते. तिच्या हिशेबाने डिसेंबर 2007 ते जून 2009 हे एक रिसेशन होतं. कोविडचं अवघ्या दोन महिन्यांचं.

भारतात एप्रिल-जून 2020 मध्ये जीडीपी पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घटला, पुढच्या तिमाहीत 7.5 टक्क्यांनी. ही तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी असते. म्हणजे दुसऱ्या तिमाहीत गाडा पुन्हा हलू लागला होता, तरी शिक्का रिसेशनचाच बसला.

'डिप्रेशन' म्हणजे खोल आणि लांबलेली महामंदी. अशाच महामंदीत 1933 साली अमेरिकेत साधारण दर चार कामगारांमागे एक बेकार होता.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा प्रश्न. देश वाढत असताना आपली भट्टी का थंडावते? समजा, एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे 10 ट्रक आहेत. दरवर्षी एक ट्रक जुना होतो, तो बदलावा लागतो. धंदा 10 टक्के वाढला की आणखी एक लागतो. म्हणजे वर्षाला 2 ट्रकची खरेदी. पुढच्या वर्षी धंदा घटला नाही, नुसता आहे तिथंच थांबला. तरी त्याला आता एकच ट्रक हवा. त्याच्या धंद्यात घट शून्य, पण ट्रक कंपनीची ऑर्डर निम्मी! त्यात कंपनीच्या आवारात तयार ट्रक पडून असतील, तर आधी ते खपवले जातात, आणि कास्टिंगची मागणी निम्म्याहूनही खाली येते. इंग्रजीत या तत्त्वाला 'अ‍ॅक्सिलरेटर' म्हणतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी ते 1917 साली मांडलं. हीच साखळी उलटीही फिरते. थांबलेला धंदा पुन्हा 10 टक्क्यांनी वाढला, की ऑर्डर एकदम दुप्पट होते.

एप्रिल-जूनचा जीडीपी जाहीर होतो ऑगस्टच्या शेवटी. फौंड्रीतला ओव्हरटाइम त्याच्या कितीतरी आधी बंद झालेला असतो.