जुनी ८०० घरी सांभाळताना: आमच्या ग्राहकांसाठी चार गोष्टी

मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात धाकटी ८०० सुद्धा आता दशक ओलांडून गेली. तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजसमोर रोज एखादी तरी उभी असतेच. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं ते इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतं ते रबर, आणि जिथे साचू नये तिथे साचलेलं पाणी. या दोन्हींवर घरच्या घरी नजर ठेवता येते. (हे छापून वाटलं तर आपलंच बिल कमी होईल, असं आमच्या चिरंजीवांचं म्हणणं आहे. होऊ दे.)

पेट्रोलचा पाइप आधी बघा

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कार्बोरेटरवाल्या (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) ८०० बनल्या तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि पेट्रोल पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बोटांनी हलकेच वाकवा. टाचेला पडतात तशा बारीक भेगा दिसल्या, किंवा बोटाला पेट्रोलचा वास लागला, तर गाडी चालू करू नका, आम्हाला कळवा. पाइप बदलताना इथेनॉलला टिकणाराच मागा. हार्डवेअरच्या दुकानातली साधी नळी घालून आलेल्या गाड्या आम्ही पाहिल्यात. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं. त्यामुळे महिना-महिना गाडी उभी राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा नुसती सुरू करून बंद करण्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणलेली बरी.

मॅट उचला

हे काम कुणी करत नाही, म्हणून जरा सविस्तर. पावसाळा संपला की पुढच्या दोन्ही सीटसमोरचं मॅट आणि त्याखालचं कार्पेट उचला. खाली ओल असेल तर पाणी कुठून तरी आत येतंय. बऱ्याचदा ते वायपरखालच्या जाळीतून येतं. तिथे झाडाची पानं कुजून निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी आत वळतं. पानं हाताने काढा, मग मगभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय का बघा.

आता पत्रा अंगठ्याने दाबा. टणक लागला तर उत्तम. कुरकुरला, पापुद्रा निघाला, तर वेल्डिंगवाल्याकडे आत्ताच न्या. आज हातभर पट्टी लावून भागेल, वर्षाने अख्खा फ्लोअर बदलावा लागेल. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करायचं असतं, तेव्हा कुजलेला पत्रा लपत नाही. दरवाजांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात. चिखलाने बुजलेली असली तर काडीने मोकळी करा.

बॅटरी, प्लग, कूलंट

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर आला तर आधी निगेटिव्हची वायर सोडा, मग पॉझिटिव्हची. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, वर व्हॅसलीन लावा. जोडताना निगेटिव्ह शेवटी. प्लग काढायचे ते इंजिन थंड असताना, आणि वायरी एकेक करून, नाहीतर अदलाबदल होते. कार्बोरेटरच्या गाडीला प्लगची गॅप, म्हणजे टोकाशी ठिणगी पडते ती फट, ०.७ ते ०.८ मिलीमीटर. परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, पान्याने जोर केला की आटे गेलेच. कूलंटमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका, आणि गरम रेडिएटरचं झाकण कुणी कितीही घाई केली तरी उघडू नका.

इथे हात घालू नका

ब्रेक, टायमिंग बेल्ट आणि कार्बोरेटरचे स्क्रू. ब्रेक ऑइलची पातळी उतरली म्हणून नुसतं भरून मोकळं होऊ नका. पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय, दोन्हींपैकी एक आहे. स्क्रू फिरवलाच असेल तर कुठल्या बाजूला किती फिरवला ते सांगा, लपवू नका. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, खाली घोडी (गाडी पेलून धरणारा स्टँड) लावल्याशिवाय अजिबातच नाही.

पुराचं पाणी लागलं तर

२०१९ आणि २०२१चा पंचगंगेचा पूर आपण पाहिलाय. पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी फिरवली, आणि सिलिंडरमधल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकला, अशी इंजिनं तेव्हा आमच्याकडे आली. चावी लावू नका. बॅटरीची वायर सोडा, डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) ओढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी ओढूनच आणा.

ऑइल घरी बदलत असाल तर जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून आणून द्या. आम्ही ते गोळा करणाऱ्याला देतो. डबा तुम्हाला परत मिळेल, फक्त वर नाव लिहून ठेवा.