कामकरी बायांच्या संघटनेत नाव घालायचंय? सांगली-साताऱ्याकडच्या बायांसाठी कागदपत्रांसकट सगळी माहिती

संघटनेत यायचं म्हणजे मोर्चाला जायचं, असं आपल्याकडं बऱ्याच जणींना वाटतं. मोर्चाला कुणीही येऊ शकतं, सभासद असणं ही वेगळी गोष्ट आहे. सभासद म्हणजे रजिस्टरमध्ये तुमचं नाव, हातात वर्गणीची पावती आणि वार्षिक सभेत मत द्यायचा हक्क. हे तिन्ही असेल तरच उद्या कामावर काही झालं तर संघटना तुमच्या नावानं लेटरहेडवर पत्र देऊ शकते, नाहीतर ती नुसती ओळखीतली मदत होते, आणि ओळखीतल्या मदतीला साहेब लोक किती किंमत देतात ते तुम्हाला माहितीय.

ही माहिती कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत जाणाऱ्या, तासगाव-कवठेमहांकाळकडं बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसणाऱ्या, हळदीच्या गोदामातल्या, विश्रामबागला घरकाम करणाऱ्या, मिरजेच्या दवाखान्यातल्या आया-सिस्टर, आशा, अंगणवाडी सेविका-मदतनीस आणि दुकानात, ऑफिसात बसणाऱ्या अशा सगळ्यांसाठी आहे. साताऱ्यातही पद्धत हीच, फक्त ऑफिसं तिकडची.

आधी सरमिसळ काढून टाकू

माझा बचत गट आहे की, मग मी संघटनेत आहेच ना, असं खूप जणी विचारतात. नाही ताई. बचत गट बचतीसाठी आणि कर्जासाठी. ई-श्रम कार्ड हे केंद्र सरकारकडं असंघटित कामगार म्हणून केलेली नोंद, 2021 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली, वय 16 ते 59, आधार आणि बँक खातं लागतं, पीएफ किंवा ईएसआय कापलं जात असेल तर ते मिळत नाही. घरेलू कामगार मंडळाची नोंदणी आणखी वेगळी, ती राज्य सरकारची. आणि संघटना ही तुमची स्वतःची, सरकार तिची फक्त नोंद करतं. एकीत नाव असलं म्हणून दुसरीत आपोआप येत नाही, आणि चारही ठिकाणी नाव असायलाही काही आडकाठी नाही, उलट असावंच.

संघटना कुठल्या प्रकारची आहे ते बघा

दोन प्रकार जास्त दिसतात. एक युनियन, म्हणजे कामगार संघटना म्हणून नोंदलेली, ती मालकाशी किंवा सरकारशी बोलणी करू शकते, पगार, बोनस, मानधन याच्यावर मागणीपत्र देऊ शकते. दुसरी संस्था किंवा ट्रस्ट, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली. त्या ओळखी वाढवणं, ट्रेनिंग, कायदेशीर सल्ला, कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध मोहीम अशी कामं करतात, पण पगाराच्या वाटाघाटीला कायदा युनियनलाच ओळखतो. काही ठिकाणी दोन्ही हातात हात घालून चालतात. फॉर्म भरायच्या आधी नोंदणी नंबर विचारा. नंबर सांगायला जी संघटना आढेवेढे घेते तिथं पैसे भरू नका. युनियन असेल तर ती कुठल्या मोठ्या महासंघाला जोडलेली आहे, आयटक, सिटू, भारतीय मजदूर संघ की स्वतंत्र, हेही विचारून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. पुढं कुणाच्या झेंड्याखाली तुम्ही उभ्या राहणार हे तुम्हाला आधी कळलं पाहिजे.

स्वतःचा छोटा धंदा असेल, म्हणजे खानावळ, शिलाई, शेळ्या, भाजीचा गाडा, तर युनियनपेक्षा उद्योजक बायांचं नेटवर्क जास्त उपयोगी पडतं. साताऱ्यात माण तालुक्यात म्हसवडला माणदेशीचं काम त्यासाठी प्रसिद्ध आहे. माणदेशीच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायांनी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण सभासद बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बाया परत गेल्या, आम्हाला वाचता येत नसेल पण हिशोब येतो, व्याज काढून दाखवतो म्हणाल्या, आणि 1997 ला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांचं महिलांसाठी चेंबर ऑफ कॉमर्सपण आहे. अंगठा लावणारी बाई सभासद होऊ शकत नाही असं कुणी म्हणालं तर एवढी एक गोष्ट सांगा.

सभासद कोण होऊ शकतं

18 वर्षं पूर्ण आणि त्या कामात असलेली कुणीही, असं समजून चाला, बाकी अट संघटनेच्या घटनेत लिहिलेली असते. घटना म्हणजे नियमांचं पुस्तक, मागितलं की दाखवलं पाहिजे. कायम असा, कंत्राटी असा, रोजंदारी असा, मानधनावर असा, त्यानं बाई कामगार नाही असं होत नाही. लग्न झालंय की नाही, नवऱ्यानं टाकलंय का, विधवा आहे का, याचा अर्जाशी संबंध नाही. आपल्याच जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर प्रतिसरकारच्या काळापासून लढल्या आणि पुढं परित्यक्ता बायांच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या, त्यामुळं या भागात तरी कुठल्या फॉर्मवर पतीची सही मागितली तर सरळ विचारा की कशासाठी.

एक अडचण मात्र खरी आहे. सरकारी सेवेत कायम असाल, म्हणजे झेडपी, शाळा, सिव्हिल वगैरे, तर वर्तणुकीचे नियम लागतात, म्हणून सरकारनं मान्यता दिलेल्या कर्मचारी संघटनेतच जा. आशा आणि अंगणवाडीच्या बाया युनियनमध्ये राजरोस आहेत आणि त्याचा फायदा दिसलाय. 25 एप्रिल 2022 ला सुप्रीम कोर्टानं अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मिळाली पाहिजे असा निकाल दिला तो गुजरातच्या एका सेविकेच्या केसमध्ये. मानधन म्हणजे पगार नाही असं वर्षानुवर्षं ऐकवलं जात होतं, त्याला एवढं मोठं उत्तर मिळालं.

कागदपत्रं

आधारची झेरॉक्स, पासपोर्ट साईझचे दोन फोटो, मोबाईल नंबर, आणि कामाचा पुरावा. पुरावा म्हणजे ओळखपत्र, पगाराची स्लिप, हजेरी कार्ड, नेमणुकीचं पत्र, यातलं काहीही एक. शेडवर, गोदामात काहीच मिळत नाही, तिथं संघटना सहसा तुमच्याबरोबर काम करणाऱ्या दोन जुन्या सभासदांची शिफारस चालवून घेते. काही ठिकाणी वारसाचं नाव मागतात, ते विचार करून लिहा, मुलीचं नाव लिहिलं तरी चालतं.

आता नावाचा घोळ, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथंच अडकतात. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत फक्त पहिलं नाव आणि आडनाव, आणि हजेरीच्या वहीत मुकादमानं लिहिलेलं तिसरंच, सगळे सुनीता म्हणतात आणि वहीत सुनंदा. संघटनेच्या फॉर्मवर नाव आधारसारखंच लिहा, अगदी स्पेलिंगसकट, कारण पुढं मंडळाची योजना असो की बँकेत पैसे, सगळं आधारवरच जुळवतात. वहीतलं नाव वेगळं असेल तर अर्जातच "हजेरी वहीत माझे नाव असे आहे" म्हणून एक ओळ लिहून खाली सही करा. पाच मिनिटांचं काम आहे पण दोन वर्षांनी ग्रॅच्युइटी किंवा थकीत पगाराची केस झाली तर हीच ओळ उपयोगी पडते. आधारमधली चूक दुरुस्त करायची असेल तर ती आधी करून घ्या, मग फॉर्म भरा.

ओरिजनल कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्सवर "संघटना सभासदत्वासाठी" असं लिहून तारीख टाका, म्हणजे ती झेरॉक्स दुसरीकडं कुठं वापरली जाणार नाही.

फॉर्म भरल्यावर काय होतं

फॉर्म शाखेत किंवा गावच्या मीटिंगमध्ये द्यायचा, वर्गणी भरायची, पावती घ्यायची. पावतीवर संघटनेचं छापील नाव, नोंदणी नंबर, अनुक्रमांक, रक्कम आणि घेणारीची सही पाहिजेच. वर्गणी किती? 1926 च्या कामगार संघटना कायद्यात 2001 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी वर्षाला ग्रामीण कामगारांना 1 रुपया, असंघटितांना 3 आणि बाकीच्यांना 12 रुपये असं ठरलं होतं, पण प्रत्यक्षात संघटना त्यापेक्षा जास्त घेतात कारण भाडं, प्रवास, वकील सगळं त्यातूनच चालतं, ते योग्यच आहे. मात्र रक्कम घटनेत किंवा सभेच्या ठरावात लिहिलेली पाहिजे. कार्ड काढून देते, योजना मिळवून देते म्हणून कुणी पावतीशिवाय मधेच पैसे मागितले तर ती वर्गणी नाही, ती दलाली.

मग कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये अर्ज मंजूर होतो, रजिस्टरमध्ये नाव चढतं, ओळखपत्र मिळतं. नाव खरंच चढलं का हे डोळ्यानं बघा. नोंदलेल्या युनियनची हिशोबाची वही आणि सभासदांची यादी सभासदाला बघायला मागायचा हक्क कायद्यात आहे, ती काही मेहेरबानी नाही. मतदान करायला किंवा निवडणुकीला उभं राहायला किती महिने सभासद असावं लागतं ते घटनेत बघा.

मालकाला कळलं तर?

हा प्रश्न सगळ्यात आधी मनात येतो आणि सगळ्यात शेवटी विचारला जातो. संघटना करायचा हक्क देशाच्या राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये आहे. कारखान्यात, कंपनीत काम करत असाल आणि युनियनमध्ये गेल्यामुळं काढलं किंवा काढायची धमकी दिली तर ती कायद्याच्या भाषेत अनुचित कामगार प्रथा आहे, म्हणजे मालकाला तसं वागायला मनाई आहे, तक्रार करता येते. घरकाम करणाऱ्या बायांना मात्र हे संरक्षण नीट मिळत नाही, घरमालकाला कायदा कारखानदार मानत नाही, म्हणून तिथं एकटीनं ओळखपत्र दाखवण्यापेक्षा एका कॉलनीत, एका सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्या जणींनी एकदम सभासद व्हावं हे मी कळकळीनं सांगते. पुण्यात 1980 ला मोलकरणींनी संप केला आणि त्यातनं संघटना उभी राहिली ती अशीच, एका घरातली बाई थांबली की शेजारच्या घरातली पण थांबली.

घरेलू कामगारांनी संघटनेबरोबर मंडळाची नोंदणीपण करावी. कायदा 2008 चा, वय 18 ते 60, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, बँक पासबुक आणि ज्यांच्याकडं काम करता त्यांचा दाखला लागतो. अडतं ते दाखल्यावर, मालकीणबाई लिहून द्यायला घाबरतात, कायमची केली असं होईल का म्हणून. तसं काही होत नाही, हा फक्त काम करते एवढंच सांगणारा दाखला आहे, हे त्यांना संघटनेच्या ताईंनी सांगितलं की पटतं. नोंदणी सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून होते. नोंद चालू ठेवली तर बाळंतपणाची मदत, अंत्यविधीची मदत आणि 55 वर्षं पूर्ण झाल्यावर सन्मानधनाचे 10,000 रुपये अशा योजना आहेत. दरवर्षी नूतनीकरण केलं नाही की नोंद बंद पडते, आणि सन्मानधनाच्या वेळी लोकांना ते कळतं.

संघटनाच नसेल तर

सात जणी मिळून युनियनच्या नोंदणीचा अर्ज करू शकतात. जुन्या कायद्यात सातच होत्या आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही सातच. फक्त त्या कामाच्या ठिकाणच्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा 100, जे कमी असेल तेवढे सभासद लागतात. अर्जाला घटना, पदाधिकाऱ्यांची नावं-पत्ते-वय-काम, सभेचा ठराव जोडायचा. हे एकटीनं लिहीत बसू नका, जवळच्या जुन्या संघटनेकडून घटनेचा नमुना घ्या.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार असेल तर सभासद व्हायची वाट बघत बसू नका. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती पाहिजे, त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि दुसऱ्याच्या घरात काम करत असाल तर ते घरही कामाचं ठिकाणच धरलं जातं. मुदत तो प्रसंग घडल्यापासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. तक्रार लेखी द्या, लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची असते. सांगलीत चौकशी विजयनगरला कलेक्टर ऑफिसात करा.

निवेदन द्यायला गेलात, मग ते एकटीचं असो की शिष्टमंडळाचं, दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. ती प्रत आणि वर्गणीच्या सगळ्या पावत्या एकाच पिशवीत ठेवा, पावतीचा मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या एका माणसाला पाठवून ठेवा. सभासदत्वाचं वर्ष कधी संपतं ते पावतीवर असतं, कुठं मार्चला संपतं, कुठं डिसेंबरला. त्याच्या महिनाभर आधी वर्गणी भरा, कारण बऱ्याच घटनांमध्ये थकबाकी असली की वार्षिक सभेत मत देता येत नाही.