इंग्रजी अर्जात ‘मिस्ड द बोट’ लिहिण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बारावीचा निकाल लागला की आमच्या टंकलेखन व अर्जलेखन केंद्रात इंग्रजी अर्जांची गर्दी सुरू होते. कुणाची प्रवेश निश्चित करण्याची तारीख निघून गेलेली असते, कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीसाठी परत आलेला असून दुरुस्तीची मुदत संपलेली असते, तर कुणाला बँकेच्या विभागीय कार्यालयाला पत्र पाठवायचे असते. अलीकडे बरेच ग्राहक मजकूर मोबाइलवरच तयार करून आणतात आणि ‘फक्त टाइप करून द्या’ असे सांगतात. त्या मजकुरात एक वाक्य हमखास सापडते : ‘आय हॅव मिस्ड द बोट’. इंग्रजी म्हणून हे वाक्य बिनचूक आहे. पण ते जिथे लिहिले जाते ती जागा बहुतेक वेळा चुकीची असते. आम्ही ते काढायला सांगितले की काउंटरवर वाद होतो, मागची रांग खोळंबते आणि संगणकही अडकून पडतो. म्हणून त्यामागचे कारण येथे एकदा सविस्तर लिहीत आहोत.

‘मिस द बोट’ याचा अर्थ संधी हुकणे, हे आपणास ठाऊकच आहे. मात्र या वाक्प्रचारात आणखी दोन गोष्टी गृहीत असतात. एक, संधी आता कायमची गेली आहे. दोन, बोट आपल्या वेळेवर सुटली आणि उशीर झाला तो आपल्याकडून, म्हणजे गाफील राहिल्यामुळे किंवा वेळेत पाऊल न उचलल्यामुळे. आता ज्या अर्जात आपण विलंब माफ करून आणखी एक संधी मागत आहात, त्याच्या पहिल्याच ओळीत हे लिहिले तर काय होते, याचा विचार करावा. चूक आपली आहे आणि विषय संपलेला आहे, असे आपणच लिहून देता आणि त्याखाली ‘काइंडली गिव्ह मी वन मोअर चान्स’ अशी विनंती करता. ज्यांच्याकडे अर्ज मंजुरीसाठी जातो त्यांना नामंजुरीचे कारण शोधण्याचीही गरज राहत नाही, कारण ते अर्जदाराच्या सहीसह त्यांच्या हाती आलेले असते.

विलंब माफीच्या अर्जाचा सगळा भार कारणावर असतो. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ५ मध्ये मुदतीनंतर आलेले अपील दाखल करून घेण्यासाठी ‘पुरेसे कारण’ असणे आवश्यक मानले आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १९(१) नुसार पहिल्या अपिलाला ३० दिवसांची मुदत आहे आणि तीही पुरेशा कारणामुळे अपील वेळेत करता आले नसेल तर शिथिल होऊ शकते. महाविद्यालयाच्या प्राचार्यांना किंवा बँकेच्या अधिकाऱ्यांना दिलेले पत्र या कायद्यांखाली येत नाही. तरीही ते वाचणारा हेच पाहतो की उशीर का झाला आणि त्याला कागदाचा आधार आहे का. वाक्प्रचार कितीही देखणा असला तरी त्याला जोडपत्र लावता येत नाही.

एक नमुना पाहू. वैनगंगेला पूर आल्यामुळे गावाचा रस्ता बंद झाला आणि विद्यार्थी ठरलेल्या दिवशी महाविद्यालयात पोहोचू शकला नाही, अशा प्रसंगाचे अर्ज दर पावसाळ्यात येतात. आणलेला मजकूर साधारण असा असतो : ‘ड्यू टू फ्लड आय मिस माय बोट ऑफ ॲडमिशन’. पुराच्या अर्जात ‘बोट’ आली की नागपूर-पुण्याकडच्या वाचणाऱ्याला खरोखरच डोंगा चुकला असे वाटण्याची शक्यता आहे, आणि आपल्याकडे डोंग्याने नदी ओलांडणारी माणसे आजही असल्यामुळे तो गैरसमज अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. आम्ही त्याऐवजी असे लिहून देतो : ‘आय कुड नॉट रिपोर्ट बिफोर द लास्ट डेट बिकॉज द रोड फ्रॉम माय व्हिलेज वॉज क्लोज्ड ड्यू टू फ्लड’. त्यापुढे रस्ता कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होता ते येते आणि शेवटी तलाठी किंवा ग्रामपंचायतीचा दाखला सोबत जोडल्याचा उल्लेख येतो. हे वाचायला रूक्ष आहे, पण अर्जाचे काम त्यानेच होते.

वरच्या ‘आय मिस माय बोट’ या चार शब्दांत भाषेच्याही चुका आहेत. ‘मिस’ हे क्रियापद वर्तमानकाळात असे लिहिले तर त्याचा अर्थ आठवण येणे असाही होतो. ‘आय मिस माय बोट’ म्हणजे ‘मला माझ्या होडीची फार आठवण येते’. घडून गेलेल्या गोष्टीसाठी ‘मिस्ड’ हेच रूप हवे. ‘बोट’च्या आधी ‘द’ येतो. तेथे ‘माय’ किंवा ‘अवर’ घातले की वाक्प्रचार मोडतो आणि खरी होडी उरते. संधी कशाची होती हे सांगायचे असल्यास ‘ऑफ’ न लावता ‘ऑन’ लावावे.

‘बोट’ऐवजी ‘बस’ चालते का, असेही विचारले जाते. चालते. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी ४ एप्रिल १९४० रोजी भाषणात हिटलरची ‘बस’ चुकली असे याच अर्थाने म्हटले होते. पाचच दिवसांनी, ९ एप्रिलला, जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला आणि १० मे रोजी चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. संधी कायमची गेली असा निकाल या शब्दांत असतो, म्हणूनच ते वाक्य त्यांना इतके महागात पडले. आपल्या भागात ‘बस’ची अडचण निराळी आहे. येथे खरी बसच रोज कुणाची ना कुणाची चुकते, त्यामुळे ‘कारणे दाखवा’ नोटिशीच्या उत्तरात ‘आय मिस्ड द बस’ लिहिले तर तो वाक्प्रचार आहे की एस.टी., हे कळत नाही. शिवाय गाडी आलीच नसेल तर ‘मिस्ड’ मुळीच लिहू नये. फेरी रद्द झाली असल्यास ‘द बस वॉज कॅन्सल्ड’ असे लिहावे, मार्ग व वेळ द्यावी आणि आगारातून लेखी दाखला मिळत असेल तर तो जोडावा. ‘मिस्ड’ने दोष आपल्याकडे येतो, ‘कॅन्सल्ड’ने येत नाही.

हा वाक्प्रचार वापरूच नये असे आमचे म्हणणे नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालात, भाषणात, निबंधात किंवा वृत्तपत्राला पाठवायच्या पत्रात तो शोभून दिसतो. शेतकरी उत्पादक कंपनीला हमीभावाच्या धान खरेदीसाठी वेळेत नोंदणी करता आली नसेल, तर सभासदांपुढे ‘वी मिस्ड द बोट ऑन पॅडी रजिस्ट्रेशन’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचेच आहे. मुदत संपण्यापूर्वी सावध करण्यासाठी तर तो उत्तमच : ‘इफ वी डू नॉट रजिस्टर धिस वीक, वी विल मिस द बोट’. ‘दॅट शिप हॅज सेल्ड’ हे त्याच घराण्यातले वाक्य मात्र बोलण्यातले आणि थोडे तोडून टाकणारे आहे. ते समोरच्याला नकार देताना वापरतात, त्यामुळे विनंती अर्जात त्याला जागाच नाही. त्यात ‘शिप’च्या ठिकाणी ‘बोट’ घालण्याचा प्रयोगही करू नये.

आता आमच्या पद्धतीविषयी थोडेसे. आम्ही टाइप करण्याआधी मजकूर वाचतो आणि ‘उशीर नेमका कशामुळे झाला?’ असे विचारतो. काही ग्राहकांना ही नसती चौकशी वाटते व शेजारच्या दुकानात दहा मिनिटांत काम झाले असते असेही ऐकवले जाते. ते खरेही असेल. पण परत आलेला अर्ज नव्याने करून घेण्यासाठी तेच ग्राहक पुढच्या आठवड्यात आमच्याकडे येतात आणि तोवर मुदतवाढही संपलेली असते. कच्चा मसुदा वाचून दाखवण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. मसुद्यावर आपली सही झाल्यानंतर बदल सांगितल्यास मात्र पुन्हा छपाईचा दर लागतो, कारण कागद आणि वेळ दोन्ही दुसऱ्यांदा खर्च होतात. दरपत्रक काउंटरच्या भिंतीवर लावलेले आहे.

विलंब माफीचा इंग्रजी अर्ज करायचा असल्यास मूळ सूचना किंवा नोटीस, शेवटची तारीख दिसणारा कागद आणि कारणाचा पुरावा, म्हणजे रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, तलाठ्याचा दाखला किंवा जे असेल ते, सोबत आणावे. मोबाइलवरचा मजकूर आणला तरी हरकत नाही. तो मराठीत आणल्यास आमचे काम अधिक लवकर होते. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे अशा अर्जांसाठी शक्यतो इतर दिवशी सकाळी यावे.