लाटके: चरबीने घडवलेला कंदमुळांचा पदार्थ

गाजर, बीट, पार्सनिप, सेलेरियाक असे कंद किसून त्यांचे लाटके, म्हणजे छोटे चपटे पोळे, तळले, की अनेकांना तो बटाट्याच्या मूळ पदार्थाचा नवा अवतार वाटतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंच्या घरी लाटके होत होते, तेव्हा तिथल्या शेतात बटाटा आलेलाच नव्हता. तव्यावर पडायचं ते कुट्टूचं पीठ, राय या धान्याचं पीठ, नाहीतर किसलेलं सलगम. बटाटा सगळ्यांत शेवटी आला. पहिल्यापासून टिकलं ते फक्त तळणं. घरात कुठली चरबी आहे, यावरच तव्यात काय पडणार आणि ताटात सोबतीला काय येणार हे ठरत गेलं.

तेल तर नावातच आहे. ‘लाटके’ हा यिद्दिश, म्हणजे अश्केनाझी ज्यूंच्या भाषेतला, शब्द ‘ओलाद्का’ या पूर्व स्लाव्ह शब्दावरून आला. ओलाद्का म्हणजे छोटी, जाडसर तळलेली पोळी. आणखी मागे गेलं तर तो ग्रीक ‘एलाइऑन’पर्यंत पोचतो, म्हणजे ऑलिव्हच्या तेलापर्यंत. हिब्रूत याच पदार्थाला ‘लेविवोत’ म्हणतात.

लाटके ज्या सणाला करतात, तो ज्यूंचा हनुकाही तेलाचाच. सेल्युकिड या ग्रीक राजघराण्यातला राजा चौथा अँटायोकस याच्याविरुद्ध मक्काबी या ज्यू बंडखोरांनी बंड केलं आणि इ.स.पू. 164 मध्ये जेरुसलेमचं मंदिर शुद्ध करून पुन्हा अर्पण केलं. त्याची आठवण म्हणून ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या 25 तारखेपासून आठ दिवस दिवे लावतात. एका दिवसापुरतं तेल आठ दिवस जळलं, ही कथा बॅबिलोनी तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात येते. बंडाचा इतिहास सांगणाऱ्या मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात ती नाही. पण स्वयंपाकघरावर पगडा बसला तो या कथेचाच. सणात तेलात तळलेलं खायचं, एवढं पक्कं झालं. काय तळायचं हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि पुढचा सगळा बदल त्या मोकळ्या जागेत घडला.

मध्ययुगात ती जागा चीजने घेतली. त्यामागे यहुदिथ या ज्यू स्त्रीची कथा आहे. तिने शत्रूच्या सेनापतीला खारट चीज खाऊ घातलं, तहान लागल्यावर भरपूर दारू पाजली आणि तो झोपल्यावर त्याचं डोकं उडवलं, अशी ती मध्ययुगात सांगितली जाई. 16 व्या शतकात पोलंडमधल्या क्राकुवचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मोझेस इसर्लेस यांनी हनुकात चीज खाण्याची चाल धर्मनियमांवरच्या आपल्या टिपांत नोंदवून ठेवली. इटलीतल्या ज्यूंचे रिकोटाचे तळलेले पोळे याच चालीतले.

उत्तरेकडे आणि पूर्वेकडे गेल्यावर ही चाल अडली. पोलंड, लिथुएनिया, युक्रेनच्या थंडीत ऑलिव्ह होत नाही. आणलेलं तेल महाग, रोजच्या घराला न परवडणारं. डुकराची चरबी निषिद्ध. लोणी चालत होतं, पण ते दुग्धजन्य. उरली ती हंसाची चरबी, श्माल्ट्झ. शरद ऋतूत खाऊ घालून धष्टपुष्ट केलेले हंस हनुकाच्या सुमारासच कापले जायचे. त्यांची कातडी आणि चरबी बारीक चिरून, थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायची. पाणी आटून चरबी सुटली की त्यात कांदा घालायचा. कांदा तांबूस आणि कातडीचे तुकडे कुरकुरीत झाले की गाळून घ्यायचं. त्या कुरकुरीत तुकड्यांना ग्रिबेनेस म्हणतात. गाळलेली चरबी थंडीत पांढरी घट्ट होई आणि त्यातली काही पुढच्या वसंतातल्या पेसाह या सणासाठी वेगळी काढून ठेवत. आच मोठी झाली तर कांदा करपतो आणि सगळी चरबी कडू होते. मग तिच्यात तळलेली प्रत्येक गोष्ट कडू लागते.

कोशेर, म्हणजे ज्यू आहाराच्या, नियमाने मांस आणि दूध एकत्र चालत नाही. हंसाची चरबी मांसात मोडते. म्हणजे चीजचे लाटके श्माल्ट्झमध्ये तळायची सोयच नाही. चीज गेलं आणि त्या जागी ना मांस ना दूध असं काहीतरी हवं झालं, ज्याला ‘पारवे’ म्हणतात. धान्याचं पीठ आणि जमिनीखालचे कंद पारवे असतात, स्वस्त असतात आणि डिसेंबरात तळघरात पडलेले असतात. कंदमुळांचे लाटके आले ते असे, चवीच्या हौसेने नव्हे. खाण्याची पद्धतही यातूनच ठरली. श्माल्ट्झमधल्या लाटक्यांवर आंबट क्रीम घालता येत नाही, म्हणून सोबत सफरचंदाचा शिजवलेला गर आला. क्रीम बरं की सफरचंद, हा वाद आज आवडीनिवडीचा वाटतो, पण त्याच्या बुडाशी तव्यातली चरबी आहे.

बटाटा अँडीजमधून 16 व्या शतकात स्पेनला पोचला, पण पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी त्याला बराच काळ जवळ केलं नाही. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकला 1756 मध्ये बटाटा लावण्याचा हुकूम काढावा लागला. रशियन साम्राज्याच्या पश्चिम भागात, जिथे ज्यूंची दाट वस्ती होती, तिथे तो गरिबाचं रोजचं अन्न झाला 19 व्या शतकात. शेजाऱ्यांकडेही तोच पदार्थ होता आणि आहे: बेलारूसमध्ये द्रानिकी, युक्रेनमध्ये देरुनी, पोलंडमध्ये प्लात्स्की, जर्मनीत कार्टोफेलपुफर. ज्यूंनी त्याला आपली चरबी, आपला सण आणि आपलं जुनं नाव दिलं.

बटाटा आला आणि बाकीचे कंद मागे पडले, याचं खरं कारण स्टार्च. बटाट्यात साधारण 15 ते 20 टक्के स्टार्च असतो. साठेक अंशांच्या पुढे तो फुगून चिकट होतो आणि किस एकमेकाला धरून ठेवतो. सलगमात 92 टक्क्यांच्या आसपास पाणी, गाजर, बीट आणि सेलेरियाकमध्ये 88 टक्क्यांच्या जवळपास, आणि स्टार्च नावापुरता. त्यामुळे मिश्र कंदांचे लाटके करताना बटाट्याने आयतं दिलेलं काम आपल्याला वेगळं करावं लागतं. हे ध्यानात न घेता बटाट्याच्या कृतीत नुसतं गाजर बदलून घातलं, की उलटताना तुकडे पडतात.

वीसेक लाटक्यांसाठी 500 ग्रॅम बटाटे, 200 ग्रॅम गाजर, 150 ग्रॅम पार्सनिप, 150 ग्रॅम बीट आणि एक मध्यम कांदा घ्यावा. बटाटा निम्म्याच्या आसपास असला की मिश्रण सुरक्षित. बटाटे पिठूळ जातीचे असावेत आणि फ्रिजमध्ये ठेवलेले नसावेत. थंडीत त्यांतल्या स्टार्चची साखर होते, मग ते आतून शिजण्याआधी बाहेरून काळे पडतात. किसणीच्या मोठ्या भोकांवर सगळं किसावं. थोडा बटाटा आणि थोडा कांदा आलटून पालटून किसला तर कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे बटाटा लवकर काळवंडत नाही. बीट शेवटी, वेगळ्या भांड्यात. नाहीतर सगळंच गुलाबी होतं.

आता पिळणं. बटाटा-कांद्याचा किस पातळ सुती कापडात घेऊन एका वाडग्यावर जोर लावून पिळायचा, हात दुखेपर्यंत. वाडग्यातलं पाणी दहा मिनिटं हलवायचं नाही. मग ते तिरकं करून वरचं तपकिरी पाणी अलगद ओतून द्यायचं. तळाशी पांढरा थर बसलेला दिसेल, ओल्या खडूसारखा घट्ट. बोटाने दाबला तर करकरतो. हाच स्टार्च. तो खरवडून परत किसात घालायचा. ज्यांच्या हातचे लाटके हमखास जमतात, ते हा थर कधी फेकत नाहीत. गाजर, पार्सनिप आणि बीट वेगवेगळे पिळावेत, त्यांचं पाणी टाकून द्यावं. बटाटा कमी घेतला असेल तर दोन मोठे चमचे विकतचा बटाट्याचा स्टार्च वरून घालावा.

मग त्यात दोन अंडी, मिरपूड आणि चार मोठे चमचे मात्झाचा भरडा, म्हणजे बेखमीर भाकरीचा चुरा. अंडं शिजून पकड देतं, भरडा राहिलेलं पाणी शोषतो. भरडा जास्त झाला तर लाटका कणकेच्या गोळ्यासारखा लागतो. दीड लहान चमचा मीठ अगदी तळायला घेताना घालावं. मीठ लागताच कंद पाणी सोडू लागतात आणि पंधरा मिनिटांत मिश्रणाखाली तळं साचतं. साचलंच तर प्रत्येक घास हाताने दाबून तव्यात सोडावा. पीठ वाढवू नये.

तळणीतला पुढचा मोठा बदल अमेरिकेत झाला. 1911 मध्ये क्रिस्को ही सरकीच्या तेलापासून केलेली घट्ट वनस्पती चरबी बाजारात आली. ना मांस ना दूध, त्यामुळे ज्यू गृहिणींसाठी तिची जोरदार जाहिरात झाली. 1933 मध्ये यिद्दिश आणि इंग्रजीत पाककृतींची पुस्तिकाही निघाली. एक मोठी अडचण सुटली. तेच लाटके आता मांसाच्या जेवणातही चालू लागले आणि आंबट क्रीमबरोबरही. श्माल्ट्झचा गडद स्वाद मात्र गेला, आणि ती हानी खरी आहे. आजही तेलात दोन चमचे श्माल्ट्झ मिसळलं तर फरक पहिल्याच घासाला कळतो. मग त्या पानात क्रीम नको.

तेल कुठलंही तटस्थ चवीचं चालेल, पण बीडाच्या जाड तव्यात अर्धा सेंटिमीटर तरी हवं. नुसत्या बटाट्याला 180 ते 185 अंश ठीक. गाजर, बीट आणि पार्सनिपमध्ये साखर जास्त, म्हणून मिश्र लाटक्यांना 170 ते 175 वर ठेवावं. दोन मोठे चमचे मिश्रण सोडून उलथन्याने सेंटिमीटरभर जाडीचं दाबावं. त्याहून जाड असेल तर मध्ये कच्चं राहतं. एका वेळी चार-पाचच. तवा भरला की तेल थंड पडतं आणि लाटके ते पिऊन घेतात. पहिली बाजू तीन-चार मिनिटं हलवू नये. कड तांबूस झाली आणि लाटका तव्यावर आपोआप सरकू लागला की उलटायचा. बीट असेल तर रंगावर विसंबता येत नाही, तेव्हा कान द्यावा: पाणी आहे तोवर तडतड मोठी असते, ती मंदावली की बाजू झाली.

तळलेले लाटके एकावर एक रचले तर वाफेने मिनिटभरात मऊ पडतात. ते जाळीवर, एकमेकांना न चिकटता, 120 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले तर शेवटचा घाणा निघेपर्यंत कुरकुरीत राहतात.