विमान लहान करता येतं, पाण्याचा थेंब नाही

बडोद्यात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि तेव्हापासून दांडिया बाजारात चहा पिताना सुद्धा विमानांचाच विषय, आणि तो फिरून फिरून युद्धाच्या सिनेमांवर येतो. मग कोणीतरी ठासून सांगतंच, "अरे हल्ली ते सगळं कॉम्प्युटरवर करतात." सगळं नाही करत. २०१७ च्या 'डंकर्क' या युद्धपटात खरी स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लढाऊ विमानं, उडवली, याक-५२ या प्रशिक्षणाच्या विमानाला स्पिटफायरचं रूप देऊन तेही उडवलं, आणि जिथे स्टुका नि हाइन्केल ही जर्मन बॉम्बर विमानं समुद्रात कोसळताना दाखवायची होती तिथे रिमोटवर उडणारी मोठाली मॉडेल्स बनवून ती खरोखर इंग्लिश खाडीत पाडली. स्टुका तर जगात पूर्ण अवस्थेत दोनच उरलीत, एक शिकागोच्या म्युझियममध्ये, दुसरं लंडनच्या, ती पाडायला कोण देणार!

(स्पिटफायरचं आणि आपलं नातं जुनं आहे बरं का. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली रॉयल एअर फोर्सची १२४ नंबरची स्क्वाड्रन 'बडोदा' या नावाने उभी राहिली, संस्थानाने दिलेल्या पैशामुळे हे नाव, आणि ती स्पिटफायर उडवायची. शाळेत हे कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.)

तर मुद्दा असा की मॉडेल एवढं मोठं कशाला? टेबलावर मावेल एवढं करा, कॅमेरा जवळ न्या. मोठ्या मॉडेलवर रिव्हेट, पत्र्याचे जोड नीट दिसतात हे आहेच, पण खरी गोम गुरुत्वाकर्षणात आहे. शाळेतलं सूत्र आठवा, पडलेलं अंतर म्हणजे अर्धा गुणिले जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) गुणिले वेळेचा वर्ग. विमानाचा एखादा तुकडा १०० मीटरवरून पडला तर हवेचा विरोध सोडून त्याला साधारण ४.५ सेकंद लागतात. आता सगळं पाव आकाराचं करा, १०० चे २५ मीटर झाले, पण वेळ पाव नाही होत, निम्मा होतो, २.२६ सेकंद, कारण वेळ वर्गमुळाने बदलतो. म्हणून कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेमवर चालवायचा आणि पडद्यावर २४ नेच दाखवायचं, की ४.५ सेकंद परत मिळाले आणि डोळ्याला तो तुकडा जड, मोठ्या विमानाचा वाटतो. आकार एक सोळांश केला तर ९६ फ्रेम लागतील. जुन्या सिनेमातली विमानं खेळण्यासारखी टुणटुण पडतात ना, त्यात बहुतेक वेळा हे गणित चुकलेलं असतं.

आणि हे फक्त पडण्याला नाही, वळणालाही तंतोतंत लागू आहे, मला हाच भाग सगळ्यात आवडतो. वळताना विमान किती कलतं हे ठरतं वेगाचा वर्ग भागिले (जी गुणिले वळणाची त्रिज्या) यावर. ताशी ३६० किलोमीटरने ५९० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर विमान जवळजवळ ६० अंश कलतं. पाव आकाराचं मॉडेल ताशी १८० ने १४७ मीटर त्रिज्येत वळवा, कल तोच, ६० अंश! म्हणजे मॉडेल निम्म्या वेगाने उडवायचं, दुप्पट फ्रेमने शूट करायचं, आणि पडणं, वळणं, झेपावणं सगळं एकदम जागेवर बसतं. हेच गुणोत्तर विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात जहाजांची मॉडेल्स पाण्यात ओढून वापरलं, म्हणून त्याला फ्रूड नंबर म्हणतात.

आता वजन. लांबी पाव झाली तर घनफळ, आणि त्याबरोबर वजन, एक चौसष्टांश होतं आणि पंखांचं क्षेत्रफळ एक सोळांशच, म्हणजे पंखांवरचा भार हलका होतो आणि मॉडेल कमी वेगानेही उडतं. उलट दिशेने गेलात की हेच महागात पडतं, छोटं उडालं म्हणून त्याच नकाशावर चौपट मोठं बांधलंत तर वजन ६४ पट आणि पंख फक्त १६ पट. गॅलिलिओने हे १६३८ मध्येच लिहून ठेवलंय. तरी आपल्या फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी तो फॉरवर्ड येतोच, की १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपद्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं आणि सयाजीराव महाराज समोर हजर होते. याचा खात्रीलायक पुरावा कोणीही दाखवलेला नाही. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा दाखला देतात त्यातली विमानं बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तपासली, एकही उडण्यालायक नव्हतं. महाराजांनी लायब्रऱ्या काढल्या, कलाभवन काढलं, त्यांचं नाव असल्या गोष्टीला चिकटवू नका.

बरं, मोठ्या मॉडेलला आणखी एक फायदा, वाऱ्याचा झोत लहान होत नाही. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर बघा, छोटी पतंग झोताबरोबर कशी थरथरते. छोटं मॉडेल तसंच डुचमळतं, आणि काही टनांचं बॉम्बर विमान असं थरथरत नसतं.

पण सगळ्यात हट्टी पाणी. विमान समुद्रावर आपटलं की जे तुषार उडतात त्यांचा आकार पृष्ठताण ठरवतो, विमानाचा आकार नाही. थेंब काही मिलिमीटरपेक्षा मोठा झाला की फुटतोच. मॉडेल एक सोळांश असेल तर ३ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर ४८ मिलिमीटरचा वाटतो, लिंबाएवढा, आणि कितीही फ्रेम वाढवल्या तरी तो लपत नाही. पाव मॉडेलला तोच थेंब १२ मिलिमीटरचा, लाटांच्या फेसात खपून जातो. आगीचंही असंच, ज्वाळेची टोकं मॉडेलच्या मापाने बारीक होत नाहीत. म्हणून पाण्यात पाडायचं असेल तर मॉडेल परवडेल तितकं मोठं बांधतात, आणि ते उडवणाऱ्याला टेक बहुधा एकच मिळतो.