अपडेटची कटकट : ‘नंतर’ या बटणामागची पार्श्वभूमी

ठाणे स्टेशनजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. एकावर नेट आहे, दुसऱ्यावर नाही. दुसऱ्याची नेटची केबल काढून त्या जागी खाकी चिकटपट्टी लावलीय आणि तिच्यावर स्केचपेनने लिहिलंय, ‘हात लावू नये’. त्या मशीनवर अजून जुनी विंडोज एक्सपी आहे. लग्नपत्रिकांचे फॉन्ट ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते मागे डाँगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, खुपसल्याशिवाय उघडत नाही, आणि ते डाँगल नव्या विंडोजवर चालत नाही. दुकानदाराचा हिशेब साधा आहे : चालतंय ना, मग कशाला छेडायचं?

ही चिकटपट्टी लावायची वेळ का आली, हे बघायला २००३ च्या पावसाळ्यापर्यंत मागे जावं लागतं. त्याआधीचं थोडक्यात. विंडोज ९८ सोबत अपडेटची वेबसाइट आली. तिथे आपण होऊन जायचं आणि यादीतून निवडायचं. २००० सालच्या विंडोज एमईमध्ये ते आपोआप उतरायला लागलं. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या एक्सपीत उजव्या कोपऱ्यात फुगा यायचा. तो बघून लोक फुलीवर क्लिक करायचे आणि कामाला लागायचे.

११ ऑगस्ट २००३ ला ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरणारा प्रोग्राम, सुटला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा पॅच १६ जुलैलाच निघाला होता. म्हणजे हातात पंचवीस-सव्वीस दिवस होते आणि बहुतेकांनी काहीच केलं नव्हतं. नेट जोडलं की थोड्या वेळात चौकट यायची : साठ सेकंदांत मशीन बंद होणार, काम सेव्ह करा. आकडे उलटे पळायला लागायचे. युक्ती माहीत असलेले स्टार्टमधल्या ‘रन’मध्ये जाऊन ‘शटडाउन’, एक स्पेस, मग डॅश आणि ‘ए’ एवढं टाइप करायचे, की मोजणी थांबायची. नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत ही ओळ कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली मी पाहिली आहे. पॅच उतरवायचा तर नेट जोडावं लागायचं, आणि नेट जोडलं की पुन्हा साठ सेकंद. वर्मच्या पोटात आणखी एक बेत होता. १६ ऑगस्टपासून लागण झालेल्या सगळ्या मशीननी मिळून अपडेटच्या साइटवरच तुटून पडायचं. पत्ता नीट निवडला नव्हता म्हणून तो फसला. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो पत्ताच बंद करून टाकला.

त्याच ऑक्टोबरात दुरुस्त्यांचा वार ठरला : महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून ऐरोली-महापे पट्ट्यातला आयटीवाला मंगळवारला नाही, त्याच्या पुढच्या बुधवारला दचकतो. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा, आला. तो टाकल्यावर पडदाभर एकच प्रश्न यायचा, अपडेट आपोआप चालू ठेवायचे का? ‘नको’ म्हणणाऱ्याला कोपऱ्यातली लाल ढाल सतत टोचत राहायची. अपडेट उतरला की मशीन रिस्टार्ट करा म्हणून चौकट यायची; ‘नंतर’ म्हटलं तर दहा मिनिटांनी ती पुन्हा हजर. पुढे विंडोज व्हिस्टात आणि विंडोज सातमध्ये ती चार तासांपर्यंत ढकलता यायला लागली, तेव्हा केवढी सोय वाटली होती!

आता त्या सर्व्हिस पॅकची पूर्ण फाइल २६६ एमबीच्या घरात. डायल-अपवर सेकंदाला चार-पाच केबी मिळाले तर तो भाग्याचा दिवस, म्हणजे सोळा-सतरा तास फोन अडकलेला आणि मीटर चालू. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ केबीपीएस अशी होती. घरोघरी ते आलं तेव्हा स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याला काही शे एमबी फुकट आणि त्यावर प्रत्येक एमबीचे पैसे. अपडेट चालू ठेवणं म्हणजे बिल चालू ठेवणं. शहाणी माणसं संगणकाच्या मासिकासोबत येणाऱ्या सीडीची वाट बघत, किंवा ज्या प्लॅनमध्ये मध्यरात्रीनंतर नेट मोफत असे तो घेऊन गजर लावून उठत.

त्यात भारनियमन. २००५ नंतरची काही वर्षं मुंबई शहरात वीज जात नव्हती आणि ठाण्यात जायची. ‘अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका’ ही ओळ ज्यांनी लिहिली त्यांच्या गावी भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून येत नसावं. यूपीएस किंचाळत असताना, आठपैकी पाचवा अपडेट बसत असताना, पंधरा मिनिटांच्या बॅटरीकडे बघत बसणं ज्याने अनुभवलंय तो नंतर सहजासहजी ‘हो’ दाबत नाही.

पण वीज आणि बिल या आपल्या अडचणी झाल्या. मला विचाराल तर खरं बिनसलं ते २००६ मध्ये, आणि त्याला कारण कंपनीचा एक निर्णय.

तेव्हा आपल्याकडचा घरगुती पीसी म्हणजे बहुतेक वेळा लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून जोडलेला. त्यावरची विंडोज जोडणाऱ्याच्या पाऊचमधल्या सीडीतली, जिच्यावर मार्करने ‘प्रॉडक्ट की’ लिहिलेली. कंपनीला हे माहीत होतं. २००५ च्या मध्यापासून साइटवरून काही उतरवायचं तर आधी प्रत अस्सल असल्याची तपासणी सक्तीची झाली, पण एक दार उघडं ठेवलं गेलं : सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप अपडेटमधून चोरीच्या प्रतीलाही मिळत राहतील. हा शहाणपणाचा निर्णय होता. शेजाऱ्याच्या घरात डास झाले की ते आपल्याकडेही येतात.

एप्रिल २००६ मध्ये त्याच उघड्या दारातून एक नवी गोष्ट आत आली. प्रत अस्सल आहे का हे तपासून, नसेल तर लॉगिनलाच तसं बजावणारा प्रोग्राम. आला तो तातडीच्या दुरुस्त्यांच्या रांगेत, तोच रंग, तीच ढाल. त्याने कुठलंही भोक बुजत नव्हतं. तो काढून टाकायची सोय नव्हती. जूनमध्ये लोकांनी शोधून काढलं की तो रोज कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. अमेरिकेत खटले दाखल झाले आणि रोजचं बोलणं कमी केलं गेलं. कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पूर्ण पैसे मोजूनही दुकानदाराने नकली प्रत गळ्यात मारलेली गिऱ्हाइकं खूप होती, आणि चोरीच्या सीडीत काय काय भरलेलं असेल याचा नेम नसायचा. पण ज्या रांगेतून औषध येतं तिच्यातूनच वसुलीवाला आला, हे लोकांच्या लक्षात राहिलं. ऑगस्ट २००७ मध्ये तपासणारा सर्व्हरच बिघडला आणि सुमारे एकोणीस तास काही हजार अस्सल प्रतीही नकली ठरल्या. २००८ पासून एक्सपीवर नकली ठरलेल्याचा डेस्कटॉप दर तासाला काळा व्हायला लागला.

आपल्याकडे याचा परिणाम एकच झाला. असेंबल करणारा पोरगा विंडोज टाकून निघताना आपण होऊन सांगायला लागला, “काका, अपडेट बंद करून ठेवलेत हां. चालू करू नका, नाहीतर स्क्रीन काळी होईल.” फॉरमॅटच्या पैशात हा सल्ला मोफत. वसुलीवाल्याच्या भीतीने औषधाचं दारही लागलं आणि पुढची कित्येक वर्षं लागलेलंच राहिलं. नंतर अस्सल विंडोज असलेला लॅपटॉप घेतला तरी हात आधी अपडेट बंद करायलाच जायचा.

याच काळात ‘अपडेट’ या शब्दाचा गुंता झाला. मराठी मेन्यूत त्याला ‘अद्यतन’ म्हणतात, बोलताना कोणी म्हणत नाही. भोकाला लावलेलं ठिगळ म्हणजे अपडेट, अँटिव्हायरसची रोजची यादी म्हणजे अपडेट, प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणजे अपडेट, स्टार्टचं बटण मधोमध सरकवणं म्हणजेही अपडेट. घराची गळती काढायला आलेल्या माणसाने जाता जाता फर्निचर हलवून ठेवावं तसं. काही वेबसाइटना लागणाऱ्या जावा या सॉफ्टवेअरच्या अपडेटसोबत एका टूलबारची टिक आधीच मारलेली असायची. ती न बघता पुढे गेलात की ब्राउझरमध्ये एक जादा पट्टी. जानेवारी २०१४ च्या जावा अपडेटने डिजिटल सही नसलेले ॲप्लेट (ब्राउझरमध्ये चालणारे जावाचे छोटे प्रोग्राम) अडवायला सुरुवात केली. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, पण कित्येक पोर्टलवर डिजिटल सही जावाच्याच आधारे चालायची. सीएच्या ऑफिसात जावाची ठरावीक आवृत्ती तेव्हा घरच्या विरजणासारखी जपली जायची. रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात आर्टिकलशिपवाल्या पोराने नारिंगी कपाच्या चिन्हावर ‘हो’ म्हटलं, तर सरांचा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत यायचा.

शब्दांच्या या गुंत्याचा सर्वांत वाईट वापर २०१५-१६ मध्ये झाला. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आली आणि वर्षभर फुकट होती. सात आणि आठवर त्याआधीच अपडेटमधून एक छोटा खिडकीचा आयकॉन येऊन बसला होता. ज्यांनी मागितली नव्हती त्यांच्याही मशीनवर सहा जीबीपर्यंतच्या फाइली आधीच उतरवून ठेवल्या गेल्या. महिन्याला मोजूनमापून डेटा वापरणाऱ्यांना हे बिलावरून किंवा रेंगाळलेल्या नेटवरून कळलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये या नव्या विंडोजची वर्गवारी बदलून ‘शिफारस केलेला’ अशी झाली. अपडेटच्या सेटिंगमध्ये तळाशी एक चौकोन होता : शिफारस केलेले अपडेट महत्त्वाच्या अपडेटसारखेच घ्या. त्याच्यावर टिक आधीपासूनच होती. म्हणजे यादीतलं एक विशेषण बदललं आणि अख्खी नवी ऑपरेटिंग सिस्टिम ठिगळाच्या वाटेने आत यायला मोकळी झाली.

मे महिन्यात त्यावर कडी झाली. चौकटीत अपग्रेडची तारीख आणि वेळ लिहिलेली असायची, आणि वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली तर चौकट बंद व्हायची पण ठरलेली वेळ तशीच राहायची. गेली वीस वर्षं ज्या खुणेचा अर्थ ‘नको’ होता, तिचा अर्थ ‘चालेल’ झाला. जूनअखेर हे बदललं गेलं. एका अमेरिकी ट्रॅव्हल एजंट बाईंना अपग्रेडमुळे धंद्याचं मशीन निकामी झाल्याबद्दल दहा हजार डॉलर मिळाले. डिसेंबरात कंपनीच्याच एका वरिष्ठाने आपली मर्यादा सुटली होती असं कबूल केलं. विंडोज १० च्या होम आवृत्तीत ‘नको’ हा पर्यायच उरला नाही. कामाचे तास सांगायचे, ते जास्तीत जास्त अठरा. ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटने काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच पुसल्या. तो थांबवून नोव्हेंबरात पुन्हा द्यावा लागला. घरगुती वापरणाऱ्याला थोपवून धरायचं बटण मिळालं ते मे २०१९ मध्ये.

दरम्यान २०१७ साल गेलं होतं. मार्चमध्ये पॅच, १२ मे रोजी वॉनाक्राय, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वर्म. २००३ चीच गोष्ट, फक्त मधे दोन महिने मिळाले होते. टाळलेल्या अपडेटची किंमत म्हणून हेच उदाहरण सगळे देतात. जवळचं उदाहरण त्याहून अवघड आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्यात न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. कंटेनर साचले, कामं हाताने करायची वेळ आली. ते चालवणाऱ्या समूहाची डेन्मार्कमधली जहाज कंपनी जगभर त्याच तडाख्यात सापडली होती, तिला पुढे ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. तो हल्ला सुटला कसा? युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी अपडेटचा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. ज्यांनी शहाण्यासारखा अपडेट घेतला त्यांच्याकडे तो आधी पोचला. एकदा आत शिरल्यावर तो मार्चचा पॅच नसलेली मशीन शोधायचाच, पण मेमरीतले पासवर्ड चोरून पॅच मारलेल्या मशीनवरही चढायचा. उरणकडच्या रस्त्यावर खोळंबलेल्या ट्रेलरवाल्याला यातलं कुठलं कारण सांगायचं?

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार ताजा आहे. सुरक्षेच्याच एका सॉफ्टवेअरची सदोष फाइल सकाळी साडेनऊच्या सुमारास सुटली, दीड तासाच्या आत मागे घेतली गेली, तोवर जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो अपडेट कोणाला विचारून आलेला नव्हता, त्यामुळे ‘नंतर’ दाबलेलेही सुटले नाहीत. सेफ मोडमध्ये जाऊन फाइल पुसायची, हे काम एकेका मशीनसमोर माणूस बसवून करावं लागलं.

सध्या ज्या चौकटीने लोक वैतागलेत ती १४ ऑक्टोबर २०२५ ची आहे. त्या तारखेला विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. २०१६-१७ मध्ये घेतलेलं ठणठणीत मशीन त्यात बसत नाही. वर्षभराच्या जादा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी ३० डॉलर, किंवा मग सेटिंग्जची नक्कल कंपनीच्या क्लाउडवर ठेवायची, म्हणजे आधी कंपनीचं खातं उघडायचं. ठिगळासोबत पुन्हा एक अट.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला पीसी सातव्या पिढीचा आहे. मेंटेनन्सच्या पावत्या काढताना ही चौकट आली की सेक्रेटरी चष्मा वर करतात, माझ्याकडे बघतात, “दाबू का?” विचारतात, आणि मी काही बोलायच्या आत फुली दाबून पुढची पावती काढतात.